मामांच्या पडद्याची डावी कड

पेण ते रोहा या पट्ट्यात सिनेमा खऱ्या अर्थाने पाहणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. बाकीचे आपण सगळे सिनेमाला नुसते बसतो. गोष्ट समजून घेतो, कोण कोणाचा भाऊ निघाला ते बघतो, मध्यंतरात काय खायचं ते ठरवतो आणि घरी येतो. मामा गोष्टीच्या भानगडीत कधीच पडले नाहीत. त्यांच्या मते गोष्ट ही सिनेमातली सगळ्यात फुकट मिळणारी वस्तू आहे, ती कोणीही सांगतो. चित्र किती स्वच्छ आहे आणि आवाज कुठून येतोय, हे बघायला डोकं लागतं. मामा रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. प्रेशरचे, टेंपरेचरचे काटे खरं बोलतात की खोटं, हे तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन रोह्याजवळ वरसे गावी घर बांधल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी जगच तपासायला घेतलं. लग्नाच्या हॉलमधल्या पडद्यावर नवरदेवाचा चेहरा हिरवा दिसतो म्हणून भर मुहूर्ताला उठून प्रोजेक्टरवाल्याच्या मागे जाऊन उभे राहिलेले मामा मी पाहिले आहेत. एकदा तर आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो, हार घातलेल्या फोटोपुढे सगळे गप्प बसलेले, आणि मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "फोटो चांगला हाय, पण चेहरा जरा लाल मारतोय."

त्यांच्या घरी मोठा टीव्ही, चारी कोपऱ्यांत स्पीकर, पण सिनेमा एकच. मामांचे एक शाळासोबती आहेत, रोह्याचेच, गेली कित्येक वर्षं मस्कतला नोकरी करतात. त्यांनी एका सुट्टीत येताना मामांसाठी ब्लू-रेचं मशीन आणलं आणि त्याबरोबर दुकानदाराने दिलेली एक डिस्क. दिसायला सीडीसारखीच चकती, पण चित्र आणि आवाज तिच्या कितीतरी पट जास्त. सिनेमा परदेशी, जुन्या काळातल्या दर्यावर्दी लोकांचा. तीन डोलकाठ्यांचं गलबत, वादळ, तोफा, तलवारबाजी, एक किल्ला आणि शेवटी त्या किल्ल्याला लागलेली आग. मामांनी हा सिनेमा किती वेळा पाहिला असेल ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण त्यात काय होतं ते त्यांना आजतागायत माहीत नाही. खाली मजकूर उमटतो त्याने चित्राची खालची पट्टी खराब होते म्हणून तो त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला. मी एकदा विचारलं, "मामा, हा कप्तान त्या म्हाताऱ्याला का मारतो?" मामा म्हणाले, "ते मला माहीत नाय. पण तलवार म्यानातून निघताना ऐका, जावईबुवा. पातं लांब हाय की आखूड, ते आवाजावरून कळतं."

सिनेमाला बसायचे मामांचे नियम होते. खुर्च्या कुठे ठेवायच्या त्यावर लाद्यांवर नेलपॉलिशने खुणा केलेल्या, ती नेलपॉलिश मामींची. दिवा बंद, खिडक्या बंद, मोबाईल आतल्या खोलीत, आणि पंख्याची घरघर आवाजात मिसळते म्हणून पंखाही बंद, मग तो मे महिना का असेना. कुकर आधीच उतरवून ठेवायचा. माझी बायको पेणहून माहेरच्या माणसांसाठी पोह्याचे पापड घेऊन जायची, ते पापड सिनेमा संपेपर्यंत डब्यातून बाहेर काढायचे नाहीत, कारण एक पापड मोडला की मागच्या स्पीकरमधलं समुद्राचं पाणी ऐकू येत नाही. मामी या सगळ्याला सरावलेल्या होत्या. तोफा सुटल्या की मोठा स्पीकर असा दणका द्यायचा की मांडणीवरची भांडी हलायची. मामींनी दोन दोन भांड्यांच्या मध्ये जुन्या साडीचे तुकडे घालून ठेवले होते. "आमच्या लग्नाची कॅसेट लावा म्हटलं," त्या मला सांगायच्या, "तर म्हणतात प्रिंट खराब हाय. बायको बघायची हाय की प्रिंट बघायची हाय?" यावर मामांचं म्हणणं असं, की प्रिंट चांगली असती तर बायकोही चांगली दिसली असती. मामी हे ऐकून दोन दिवस बोलायच्या नाहीत आणि मामांना घरात शांतता मिळाल्याने त्या दोन दिवसांत सिनेमा तीनदा व्हायचा.

एका रविवारी सिनेमात सगळं शांत होतं, गलबत धुक्यात उभं, आणि एकदम आमच्या पाठीमागे धप्पकन काहीतरी पडलं. आम्ही सगळे दचकून वळलो. मामांनी हात वर केला आणि विजयाच्या सुरात म्हणाले, "बघा! मागचा डावा स्पीकर!" पुढे पाच मिनिटं त्यांनी त्या आवाजाचं वर्णन केलं, त्यातलं वजन, त्यातला ओलसरपणा. सिनेमा संपल्यावर मामी परड्यात गेल्या तर तुळशीपाशी नारळ पडलेला आणि कुंडीचा काठ उडालेला. मामांनी तो नारळ उचलून पाहिला आणि म्हणाले, "पण टायमिंग बरोबर होतं."

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करतो. माझं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटायचे. साचे काढणारे वेगळे, रंग देणारे वेगळे, आणि सगळं झाल्यावर मूर्ती डोळ्यांसाठी माझ्यासमोर येते. तोवर ती नुसती माती असते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मामा आमचा कारखाना बघायला आले आणि माझ्या मागे उभे राहून तासभर बघत राहिले. चूक काढली नाही, प्रश्न विचारला नाही. त्या दिवसापासून मामा मला मानायला लागले. कोणाशी ओळख करून द्यायची तर "हे आमचे जावईबुवा, डोळ्यांचा माणूस हाय," असं म्हणायचे, आणि समोरच्याला वाटायचं मी डॉक्टर आहे.

या मानापायीच पुढचा घोळ झाला. त्या सिनेमात एक जागा आहे. कप्तान मधोमध उभा राहून दुर्बिणीतून बघतो, आणि पडद्याच्या अगदी डाव्या कडेला दोरीच्या शिडीवर चढलेला एक खलाशी लाल फडकं हलवतो. क्षणभरच. मामांच्या दृष्टीने अख्ख्या सिनेमाचा जीव त्या लाल फडक्यात होता. टीव्ही लाल रंग कसा दाखवतो याची ती परीक्षा. एका रविवारी ती जागा गेली आणि मामांनी विचारलं, "लाल कसा वाटला?" मी म्हटलं, "कुठला लाल?" मामांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मी कप्तानाकडे बघत होतो. कप्तान दिसला, दुर्बीण दिसली, दुर्बिणीवरचं पितळ दिसलं. खलाशी काही दिसला नाही. मग त्यांनी चित्र तिथेच थांबवलं आणि बोट ठेवून दाखवलं. होता की खलाशी! फडकंही होतं, सुरेख लाल. पुन्हा चालू केलं, पुन्हा गायब.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जावईबुवा, तुमचं लक्ष नाही. मामांनी तसं म्हटलं नाही. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "थांबलं की बरोबर, चाललं की चूक," ते म्हणाले, "म्हणजे कुठंतरी लूज कॉन्टॅक्ट हाय." मी म्हटलं, "पण मामा, तुम्हाला तर दिसतोय ना तो?" तर म्हणाले, "माझं काय घेऊन बसलात! मला तो पाठ हाय. नसला तरी मला दिसेल. तुमचे डोळे कोरे हायत. तुम्हाला दिसला नाय म्हणजे तो तिथं नाय." ज्या टीव्हीपुढे त्यांनी बायकोचं ऐकलं नाही, शेजाऱ्यांचं ऐकलं नाही, त्या टीव्हीवर माझ्या एका शब्दाखातर त्यांनी संशय घेतला. आज ते आठवलं की मला भरून येतं. तेव्हा मात्र मी आणि बायको परतीच्या गाडीत पेण येईपर्यंत हसत होतो.

कंपनीतली मामांची शिस्त अशी होती की बिघाड सापडत नसेल तर एका वेळी एकच पार्ट बदलायचा. दोन बदलले तर खोट कशात होती ते कळत नाही. त्या शिस्तीने त्यांनी काम सुरू केलं. आधी वायर बदलली आणि मला फोन केला, रविवारी या. मी गेलो, सिनेमा लागला, खलाशी दिसला नाही. मग मस्कतला फोन करून त्या मित्राकडून तोच सिनेमा दुसऱ्यांदा मागवला. मित्र म्हणाला, "अरे बाबा, आता तरी दुसरा पिक्चर बघ!" मामांनी त्याला लूज कॉन्टॅक्टची कथा अर्धा तास ऐकवली. त्याने बिचाऱ्याने गावी येणाऱ्या माणसाबरोबर डिस्क पाठवली. खलाशी नाही. मग मशीन बदलून पाहिलं. खलाशी नाही. शेवटी शेजारच्या मास्तरांचा टीव्ही, मास्तर क्रिकेटची मॅच बघत असताना, मामांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून उचलून आणला. त्या उचलाउचलीत दाराची डावी चौकट मला जोरात लागली. मामी म्हणाल्या, "अगो बाई, जावईबुवा, सांभाळून!" मी म्हटलं, दार अरुंद आहे. असं मी त्या वर्षात बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणत होतो. कारखान्यात माझ्या डाव्या हाताला ठेवलेल्या मूर्तींची बोटं माझ्या धक्क्याने मोडायची आणि मी पोरांवर ओरडायचो, की वाटेत मूर्ती कोण ठेवतं रे. पोरं मुकाट्याने बोटं जोडून द्यायची.

मास्तरांच्या टीव्हीवर ती जागा आली आणि गेली. "दिसला?" "नाही, मामा." मास्तर म्हणाले, "मला दिसला." मामी म्हणाल्या, "मला पण दिसला, मेला लाल फडकं हलवत होता." मामांनी सिनेमा बंद केला आणि उठून पंखा लावला. त्या घरात सिनेमाच्या मध्ये पंखा लागलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. मामा परत येऊन बसले आणि म्हणाले, "सगळं बदलून झालं. आता एकच पार्ट बदलायचा ऱ्हायलाय." आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काय, जावई बदलताय?" मामी म्हणाल्या, आणि मास्तरांसकट आम्ही सगळे हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी चित्र त्या जागेवर थांबवलं आणि मला उजवा डोळा हाताने झाकायला सांगितला. "कप्तानाच्या नाकाकडं बघा. नजर हलवू नका. आता काय काय दिसतं ते सांगा." मी झाकला, आणि माझं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. कप्तानाचा चेहरा होता, थोडा खांदा होता. गलबत नव्हतं. डोलकाठ्या नव्हत्या. काळोख म्हणावा तर काळोखही नव्हता, तिथे काहीच नव्हतं. मी हात काढला, परत झाकला. मामांनी माझा हात धरून खाली घेतला. मला कायम जावईबुवा आणि तुम्ही म्हणणारा तो माणूस एकेरीवर आला. "बाळा, उद्या कामावर जाऊ नको," ते म्हणाले. "उद्या आपण डाक्तरकडं जाऊ."

पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मामा माझ्याबरोबर आले. तिथे एक तपासणी असते. पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. तिथल्या मुलीला "मी इन्स्ट्रुमेंटवाला हाय, मशीनला हात लावणार नाय" असं सांगून मामा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी मन लावून बटण दाबत होतो. बाहेर आलो तेव्हा मला बरं वाटत होतं. मी मामांना म्हटलं, "झालं चांगलं. फक्त मशीन जुनं आहे बहुतेक. मधेमधे बराच वेळ दिवेच लागत नव्हते." वजनकाट्यापासून एटीएमपर्यंत जगातल्या प्रत्येक मशीनला नावं ठेवणारे मामा खाली मान घालून बसले होते. "मशीन बरोबर हाय," ते म्हणाले. "मी बघत होतो ना. दिवे लागत होते."

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात फार. डॉक्टर म्हणाले, हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात येतो, आणि मधलं चांगलं दिसत असतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी राखता येईल. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर राखायला काही उरलं नसतं. मी विचारलं, आखणी? ते म्हणाले, मधली नजर चांगली आहे, करायला हरकत नाही. पण मी धास्तावलो होतो. घरोघरी लोक ज्या डोळ्यांपुढे हात जोडतात, ते डोळे अर्ध्या नजरेने कसे काढायचे? एखादी रेघ तिरपी गेली तर तो देव कोणाच्या तरी घरी तसाच तिरपा बघत बसणार. मालकांनी मला काही म्हटलं नाही, मीच ब्रश खाली ठेवला आणि पितांबरांना रंग द्यायला लागलो. थेंब घालायचो, पितांबर रंगवायचो, कोणाशी बोलायचो नाही. बायकोला वाटायचं मी रागावलोय. आखणीशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं आणि ते परत जमेल असं मला वाटत नव्हतं, एवढंच खरं होतं.

चतुर्थीला चार दिवस राहिले असताना मामा ओळखीची गाडी करून पेणला आले. दरवर्षी त्यांची मूर्ती मीच पोचवायचो. त्यांनी कारखान्यात शिरून आपली मूर्ती शोधली. हातभर उंचीची, शाडूची, बाकी सगळं झालेलं आणि डोळे कोरे. मी म्हटलं, "दुसऱ्या कारागिराकडून आखणी करून घेतो, मामा. तासाभरात होईल." मामा म्हणाले, "नको. तुम्ही काढा." मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर म्हणाले, "मग अशीच नेतो. आमच्या घरी यंदा डोळ्यांशिवाय बसेल. मामी विचारतील तर त्यांना सांगेन, जावईबुवांना नाय जमलं." आणि खरंच मूर्ती उचलायला वाकले. मालक धावत आले, अहो असं करू नका, कोरे डोळे घरी नेतात का! मामा एक बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि मला म्हणाले, "मला घाई नाय. गाडीवाल्याला सांगितलंय, जेवून ये."

मी ब्रश घेतला. पूर्वी मी समोर बसलो की दोन्ही डोळे एकदम नजरेत असायचे, आता एक काढून दुसऱ्याकडे मान वळवावी लागत होती, परत पहिल्याकडे, परत दुसऱ्याकडे. वरची पापणी, खालची पापणी, भुवई. बुबुळं सगळ्यात शेवटी. श्वास धरून मी ती टेकवली आणि मागे सरकलो. तास उलटून गेला होता. गाडीवाला जेवून येऊन दारात उभा होता.

मामा उठले. टीव्ही बघताना सरकतात तसे आधी समोरून, मग उजवीकडून, मग डावीकडून त्यांनी पाहिलं. मी वाट बघत होतो, काळा कमी आहे म्हणतील, पांढरा निळसर मारतोय म्हणतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बघतोय रे," ते म्हणाले. "कुठंही उभा ऱ्हायलो तरी माझ्याकडंच बघतोय." मग खिशातून रुमाल काढून मूर्तीचं तोंड झाकलं आणि मला म्हणाले, "उरलेल्या कुठं हायत? बसा आता."

त्या दिवसापासून मी आखणीलाच आहे. मामांना मी आभार मानलेले चालत नाहीत. तोंडातून शब्द निघायच्या आत ते स्पीकरच्या वायरचा विषय काढतात. म्हणून इथे लिहून ठेवतो. मी आज जे बघतो, बायकोचा चेहरा, मुलीची वही, देवाच्या डोळ्यातली ती बारीक रेघ, ते सगळं मामांच्या वेडामुळे मला राहिलेलं आहे. लोक त्यांना हसतात, मीही हसलो. पण मला दिसत नाही हे मला कळायच्या आधी, दुसऱ्याला काय दिसत नाही याची एवढी काळजी करणारा माणूस मला भेटला.

त्या दिवशी मामा मांडीवर मूर्ती घेऊन गाडीत बसले, आणि गाडी कारखान्याच्या दारातून डावीकडे वळली. पूर्वी मी नुसता उभा असतो तरी ती मला रस्त्याच्या टोकापर्यंत दिसली असती. आता डावीकडचं काही बघायचं तर मला पूर्ण मान वळवावी लागते. मी मान वळवली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत मामांकडे बघत राहिलो.